मदत हवी आहे: मानांकन असलेलं हॉस्पिटल म्हणजे चांगलं हॉस्पिटल, असं धरून चालावं का?

उंबरठा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय. सांधा बदलायचा आहे. वय सत्तरीच्या पुढे, डायबेटिस आहे. दोन हॉस्पिटलं समोर आहेत आणि घरात दोन तट पडलेत.

पहिलं मोठं आहे, मानांकन मिळालेलं. शिरल्याशिरल्या समोर प्रमाणपत्राची फ्रेम. काही विचारलं की रिसेप्शनवरून एकच उत्तर, "मॅडम, आपण अ‍ॅक्रेडिटेड आहोत, काळजीच करू नका." दुसरं लहान. मानांकन नाही, पण सर्जन ओळखीतल्या दोघातिघांनी नावाजलेले, आणि प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणारे.

दादा म्हणतो, बाहेरच्या कुणीतरी तपासलंय ना, मग तेच घ्यायचं. आई म्हणते, डॉक्टर चांगला हवा, भिंतीवरच्या कागदाचं काय करायचंय. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण.

मानांकन देताना नेमकं काय तपासतात? त्याने पेशंटला खरंच फरक पडतो, असं कुणी मोजलंय का? आणि मी दोन्हीकडे काय विचारू, म्हणजे उलटतपासणी केल्यासारखं वाटणार नाही? डॉक्टरांची नावं सुचवू नका, प्लीज. "देवावर भरवसा ठेवा" हे आत्याने सांगून झालंय.

खडूस_ऑडिटर

क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लांबण लावतो.

तपासतात ते असं: पेशंटची ओळख पटवायची पद्धत, औषधं ठेवणं आणि देणं, संमतीपत्रं, इन्फेक्शन कंट्रोल, यंत्रांची देखभाल, डॉक्टर-नर्सेसच्या पदव्या आणि नोंदणी, आगीची तयारी, तक्रारींचं पुढे काय होतं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 पासून 'ट्रेसर' पद्धत आणली. असेसर, म्हणजे तपासणीला आलेला माणूस, एका पेशंटची फाइल उचलतो आणि तो पेशंट जिथेजिथे गेला तिथेतिथे जाऊन माणसांशी बोलतो. तिथे पाठांतर फारसं चालत नाही.

मुळात हे सगळं 'किमान' या कल्पनेतून आलंय. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 1917 मध्ये हॉस्पिटलांसाठी किमान मानक ठरवलं. एका पानात मावणारं. मग शंभर किंवा जास्त खाटांची 692 हॉस्पिटलं तपासली, तर उतरली फक्त 89. नापासांत नावाजलेली हॉस्पिटलं होती, म्हणून यादी बाहेर जाऊ नये यासाठी ती जाळून टाकली, असं सांगतात. आमच्या क्षेत्राची सुरुवातच अशी, काय बोलणार!

आता तुमचा खरा प्रश्न. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये गुणवत्तेकडे बघायच्या तीन बाजू मांडल्या: रचना, प्रक्रिया, परिणाम. माणसं-यंत्रं आहेत का, काम नीट होतं का, पेशंट बरा होतो का. मानांकनाचा भर पहिल्या दोनांवर असतो. तिसरी आपोआप येईल, असं गृहीत.

ती येतेच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या 20 सरकारी हॉस्पिटलांवर प्रयोग झाला, अहवाल 2003 चा. मानांकन कार्यक्रमात घातलेल्या हॉस्पिटलांचं मानकपालन सुमारे 38 टक्क्यांवरून 76 वर गेलं, बाकीची होती तिथेच राहिली. पण सेवेच्या दर्जाचे जे निर्देशांक वेगळे मोजले, त्यांत जवळजवळ फरक नाही. 2018 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 4,400 हॉस्पिटलांचा अभ्यास आला. खासगी संस्थेचं मानांकन असलेली विरुद्ध सरकारी तपासणीवर चालणारी. 30 दिवसांतले मृत्यू 10.2 आणि 10.6 टक्के, म्हणजे ठामपणे फरक म्हणावा असं काही नाही.

म्हणून मानांकन कुचकामी, असं मी म्हणणार नाही. गलथान कारभार चाळून काढायला ते उपयोगी आहे. दोन बऱ्यांतलं अधिक बरं कुठलं, हे मात्र त्यावरून कळत नाही.

फुकटचा_सल्ला

सगळा पैशांचा खेळ. तपासणीची फी हॉस्पिटलच भरतं, मग नापास कोण करणार?

खडूस_ऑडिटर

फी हॉस्पिटल भरतं हे खरं, आणि तो दोष आहेच. पण त्रुटी काढतात, त्या दुरुस्त केल्याचे पुरावे मागतात, मान्यता अडवतातही. त्या काळात आमची झोप उडायची ती उगाच नाही.

रात्रपाळी_सिस्टर

असेसर येणार म्हटलं की राहिलेली रजिस्टरं भरायची, सॅनिटायझरच्या बाटल्या बदलायच्या, जाता-येता हात धुवायचे. हे सगळीकडे. गंमत म्हणजे त्याचाही अभ्यास झालाय. 2017 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 1,984 हॉस्पिटलांची आकडेवारी आली. अचानक तपासणीच्या आठवड्यात दाखल झालेल्यांतले मृत्यू 7.03 टक्के, आजूबाजूच्या आठवड्यांत 7.21. फरक बारीकच, पण कुणी बघतंय म्हटल्यावर आम्ही वेगळं वागतो, हे त्यात पकडलं गेलं.

उंबरठाताई, माझं ऐकाल तर रात्रीचं विचारा. त्या वॉर्डात रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर? दोन वाजता शुगर एकदम खाली गेली तर हजर डॉक्टर कोण, की फोनवरच ऑर्डर? आईंना डायबेटिस आहे, तर ऑपरेशनआधी तीन महिन्यांची शुगर बघणार का, आणि ती जास्त निघाली तर पुढे ढकलायची तयारी आहे का? "होऊन जाईल हो" म्हणणाऱ्यापेक्षा "थांबू या" म्हणणारा सर्जन परवडला.

ओटीतलंही विचारा. कुठला गुडघा ते पेनाने आधी मार्क करता का? चिरा देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक देता का? चेकलिस्ट मोठ्याने वाचता का? असं विचारल्यावर चांगली टीम चिडत नाही.

खडूस_ऑडिटर

सिस्टरांना अनुमोदन. त्यात एक घाला: "तुमच्याकडे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन किती जणांना होतं?"

उत्तर "शून्य" आलं तर हुरळून जाऊ नका. पुढचा प्रश्न विचारा, "किती दिवसांपर्यंत मोजता?" कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन डिस्चार्जनंतर बऱ्याच दिवसांनी डोकं वर काढतं, त्यामुळे 90 दिवस नजर ठेवायची पद्धत आहे. घरी गेलेल्या पेशंटला जे फोनच करत नाहीत, त्यांचं शून्य कायमच शून्य. "इतक्यांपैकी इतक्यांना झालं, मग आम्ही हे बदललं" असं सांगणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो, मानांकन असो वा नसो.

आणि प्रमाणपत्र भिंतीवर वाचू नका. देणाऱ्या संस्थेच्या यादीत बघा: मुदत संपलीय का, त्याच इमारतीला आहे का. काही ठिकाणी मानांकन फक्त लॅबचं असतं, मिरवतं सगळं हॉस्पिटल. आयएसओ 9001 ची फ्रेम असेल तर ते कामकाजाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, कुठल्याही उद्योगाला मिळतं.

उंबरठा

सगळ्यांचे खूप आभार. दोन्हीकडे विचारून आले.

मोठ्या हॉस्पिटलचं मानांकन खरं आहे, मुदतीत आहे. इन्फेक्शनचं विचारल्यावर रिसेप्शनने मार्केटिंगकडे पाठवलं, तिथे एक माहितीपत्रक हातात दिलं. पण वॉर्डच्या सिस्टरने रात्रीचं अगदी नीट सांगितलं, ड्यूटी डॉक्टर मजल्यावरच असतात.

लहान हॉस्पिटलच्या सर्जननी स्वतःची वही काढून दाखवली. झालेली इन्फेक्शन्स, कधी कळली, काय केलं, सगळं हाताने लिहिलेलं. शुगर आटोक्यात आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. रात्री मात्र एकच सिस्टर, आणि डॉक्टर फोनवर.

आता काय करू?

रात्रपाळी_सिस्टर

त्या सर्जनना विचारा, ते दुसऱ्या कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करतात का. पुष्कळ जण करतात. नसतील तर निदान पहिल्या दोन रात्री डॉक्टर तिथे मुक्कामी ठेवणार का, हे स्पष्ट बोलून घ्या.

उंबरठा

हे सुचलंच नव्हतं. उद्या फोन करते.