मदत हवी आहे: चक्रांग की भुवई बदक?

नवी_दुर्बीण
तीन दिवस डोकं खातंय हे. ही बदकाची मादी चक्रांग की भुवई बदक? पुस्तकात दोन्ही सारख्याच तपकिरी दिसतात. ग्रुपवर निम्मे हे म्हणतात, निम्मे ते. आज रात्री ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या साइटवर) यादी टाकायचीय, लवकर सांगा.

पाणथळ
फोटो कुठाय? कुठला, कधीचा?

नवी_दुर्बीण
अरे हो, चढलाच नव्हता. आता दिसेल. उजनी धरणाकाठचं भिगवण, अर्थातच.

उजनीकर काका
भुवई ठळक दिसतेय, म्हणजे भुवई बदक. नावातच उत्तर आहे. पुढचा!

रानवाटा
काका, फिकट भुवई चक्रांगच्या मादीलाही असते. चोचीचं बूड बघा. तिथे पांढुरका ठिपका, डोळ्यातून काळपट रेघ आणि खाली गालावर आणखी एक मळकट पट्टा, असा पट्टेरी चेहरा असला तर भुवई. गळाही पांढरा असतो. चक्रांगचा चेहरा त्यामानाने साधा, चोच जरा बारकी, आणि शेपटीच्या बुडाशी कडेला फिकट रेघ.

उजनीकर काका
तीस वर्षं बदकं बघतोय. चोचीचं बूड बघायला होडीतून उतरून पोहत जाऊ काय?

झूमवाला
लेन्स कोणती? ३०० मिमीत सगळी बदकं अशीच येणार. ६०० घ्या.

नवी_दुर्बीण
लेन्स विचारली नव्हती. गालावर पट्टा आहेसं वाटतंय, पण सावलीही असू शकते.

पाणथळ
महिना सांगा हो! आणि पंख उघडलेला एखादा फोटो? चक्रांगच्या पंखावरच्या हिरव्या चौकटीला पुढून रुंद पांढरी पट्टी असते, मागची बारीक. भुवईच्या मादीची चौकट मळकट, आणि मागची पट्टी चांगली ठसठशीत.

कोल्हापुरी
भिगवणला रोहित पक्षी आलेत का? आणि चिलापी माशाची थाळी हल्ली कुठे चांगली मिळते?

नवी_दुर्बीण
ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पंख झटकताना एक क्लिक मिळालाय, हलला आहे म्हणून टाकला नव्हता. हा घ्या. खांद्याकडची पिसं निळसर राखाडी दिसतायत, उन्हामुळे असेल.

रानवाटा
हा फोटो आधी टाकायचा ना! ऊन नाही ते. ही मादीच नाही, भुवईचा नर आहे. वीण आटोपली की नर रंगीत पिसं टाकतात आणि थेट मादीसारखे दिसतात. ऑक्टोबरात आपल्याकडे असेच येतात. पंखाचा निळसर राखाडी मात्र बदलत नाही, तिथेच सापडतात.

उजनीकर काका
म्हणजे भुवईच. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

रानवाटा
उत्तर बरोबर, कारण चूक.

नवी_दुर्बीण
धन्यवाद! यादीत नर लिहितो. आता त्याच दिवसाची आणखी दोन 'मादी चक्रांग' पुन्हा बघावी लागणार.

कोल्हापुरी
थाळीचं कोणीच सांगितलं नाही.