उत्तर: ऑक्टोबरच्या कट्ट्याचा विषय

मंडळी,
न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिमांवर ठेवलेल्या पाळतीचा विषय कट्ट्यावर घ्यायला माझी ना नाही, पण एकतर्फी नको. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी काही जण इथेच, न्यू जर्सीत पॅटरसनला भाड्याने राहून गेले होते. पोलिसांनी मशिदींवर नजर ठेवली तर बिघडलं काय? कर नाही त्याला डर कशाला!
– शरद

शरदकाका,
पॅटरसनचं खरं आहे, तेव्हाची भीतीही खरी होती. पण 'कर' कशाला म्हणायचं, हे ठरवलं कुणी?

न्यूयॉर्क पोलिसांनी २००७ साली माणूस कट्टर कसा होतो यावर अहवाल काढला. त्यातली लक्षणं बघा: सिगारेट सोडणं, दारू सोडणं, जुगार सोडणं, दाढी राखणं, समाजकार्यात पडणं. आपल्याकडे एखाद्याने माळ घातली की दारू-मटण सुटतं आणि घरची बाई देवापुढे साखर ठेवते. इथे त्याच गोष्टीची नोंद पोलिसांच्या वहीत! लक्षणंच अशी धरली की कुणी काही करायची वाट बघावी लागत नाही. भाविक असणं पुरतं.

त्यांचं डेमोग्राफिक्स युनिट, म्हणजे मुस्लिम वस्त्यांची माहिती गोळा करणारी तुकडी, साध्या वेशात कॅफे आणि दुकानं हिंडायचं. 'लक्ष ठेवण्याजोग्या' २८ वंशांच्या यादीत भारतही होता, काका. आपल्या नेवार्कमधल्या मशिदींचे फोटो आणि नकाशे काढून झाले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची मुस्लिम मुलं राफ्टिंगला गेली, तर त्यांच्यात एक गुप्त पोलीस. त्याने काय टिपलं? मुलं दिवसातून किमान चारदा प्रार्थना करतात. (आपल्या पिकनिकला कुणी अशी वही घेऊन आला, तर आरत्याच मोजत बसेल.)

आणि हाती काय लागलं? गुप्तवार्ता विभागाचे थॉमस गॅलाटी यांनी २०१२ साली शपथेवर सांगितलं, की २००६ मध्ये आपण या विभागात आल्यापासून या युनिटच्या अहवालांत टिपलेल्या लोकांच्या बोलण्यावरून तपासाचा एकही धागा मिळाला नाही. युनिट २०१४ मध्ये बंद झालं.
– अनघा

अनघाताई, न्यू ब्रन्सविकचा किस्सा राहिलाच की. तिथल्या रटगर्स विद्यापीठाजवळ याच न्यूयॉर्क पोलिसांनी गुपचूप एक अपार्टमेंट घेतलं होतं. २००९ मध्ये इमारत सांभाळणारा माणूस सहज आत गेला, तर पाळतीचं सामान आणि दहशतवाद्यांवरची कागदपत्रं. बिचाऱ्याने घाबरून ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला!
– मिलिंद

अनघा,
माळेचं पटलं. गॅलाटींचं माहीत नव्हतं. पण माझा प्रश्न तिथेच आहे: वही चुकीची होती म्हणतेस, तर पॅटरसनच्या त्या लोकांना ओळखायचं कसं? हे मी कट्ट्यावर विचारणार. वक्ता बोलावणार असाल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.
– शरद