विषय: मंडळाची गाडी – स्टिअरिंग जड – शनिवारच्या आत ठरवायला हवं

प्रेषक: सचिव

मंडळी,
गाडीचं पुन्हा सुरू झालंय. जागेवर वळवायची तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. रस्त्याला लागली की ठीक. सकाळी पहिल्यांदा वळवताना पुढून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, इंजिन तापलं की कमी होतो. पॉवर स्टिअरिंगच्या डबीतलं तेल खुणेला आहे, खाली डाग नाही. गराजवाला फोनवरच म्हणाला, स्टिअरिंगचा पंप गेला, बदलू या. शनिवारी नाटकाचा सेट हलवायचाय. हो म्हणू का? संध्याकाळपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार

फोनवरून पंप गेलेला कसा दिसला त्याला? बॅटरीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. बॉनेट न उघडता सांगितलेल्या दुरुस्तीवर माझी सही मिळणार नाही.

प्रेषक: वाहतूक समिती

गाडीची देखभाल कोणाकडे आहे हे दर वेळी सांगावं लागू नये. आधी समितीला कळवायचं, मग लिस्टवर टाकायचं. असो. इंजिनवरून पंप फिरवणारा पट्टा ढिला झालाय. इंजिन मंद चालतं तेव्हा पंपही हळू फिरतो, त्यात पट्टा घसरला की दाब होत नाही आणि जागेवरच जड लागतं. नवा पट्टा घाला, काम संपलं.

प्रेषक: काका

पट्टा घसरला की किंचाळतो, घूं करत नाही. तरी शंका नको म्हणून स्टिअरिंग एका टोकाला नेऊन क्षणभर धरा. पट्टा घसरत असेल तर तेव्हाच ओरडेल. जास्त वेळ धरू नका. त्या वेळी पंप सगळा दाब सुटकेच्या झडपेतून सोडत असतो आणि तेल भराभर तापतं. ५ सेकंदांच्या वर नाहीच.
आणि पट्ट्याला भेगा नाहीत म्हणजे तो चांगला, असं समजू नका. हल्लीच्या रबराला भेगा पडतच नाहीत, खाचा झिजून खोल होतात.
पण घूं हा पंपाचाच आवाज आहे. फक्त पंप ओरडतो म्हणून पंपच खराब, असं नसतं. तेलाबरोबर हवा ओढली गेली तरी तो असाच ओरडतो. सचिवांनी तेल किती ते लिहिलं, कसं ते लिहिलं नाही. इंजिन चालू ठेवून झाकण उघडा, कोणालातरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तेल दुधाळ दिसतंय का, बुडबुडे आहेत का? मग इंजिन बंद करा आणि पातळी पाहा. बंद केल्यावर पातळी ५ मिमी किंवा त्याहून जास्त वर चढली, तर आत हवा आहे.

प्रेषक: युवा प्रतिनिधी

स्कॅनर लावा ना सरळ. कोड वाचला की काय बिघडलंय ते कळेल. माझ्याकडे आहे, आणू का?

प्रेषक: वाहतूक समिती

@काका: खाली तेलाचा थेंब नाही, मग हवा कुठून शिरणार? जिथून हवा आत जाईल तिथून तेल बाहेर यायलाच हवं.

प्रेषक: काका

नाही ना. पंपाच्या दोन बाजू असतात. पंपातून रॅककडे (चाकं वळवणाऱ्या दांड्याकडे) जाणाऱ्या नळीत, स्टिअरिंग टोकाला नेलं की, दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, तिथे फट पडली तर तेल उडेल, लपून राहणार नाही. (ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं, म्हणून तो डाग कधीही दुर्लक्षू नये.) डबीतून पंपाकडे येणारी नळी मात्र ओढीची. पंप ओढत असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. स्ट्रॉला बारीक चीर पडली की बाहेर काही सांडत नाही, पण ओढताना तोंडात हवाच येते, तसं. क्लिप सैल झाली, रबर कडक झालं किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली, एवढं पुरतं. गाडी उभी असताना तिथे फार तर ओलसर लागेल.

प्रेषक: माजी अध्यक्ष

लाल तेल ओता. मी कायम गिअरचं लाल तेलच ओतत आलो, कधी काही झालं नाही. माझ्या काळात गाडी कधी अडली नव्हती हेही नमूद करतो.

प्रेषक: नाट्य समिती

माजी अध्यक्ष, प्लीज नको. जुन्या बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, चालतं हे खरं, पण होंडाला तिचं वेगळं तेल लागतं आणि काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक. चुकीच्या तेलाने आतले रबरी सील फुगतात किंवा आखडतात. झाकणावर नाहीतर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घालायचं. गळती थांबवणाऱ्या बाटल्याही नकोत, त्या सील फुगवूनच काम करतात.
आमच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं. गराजने पंप बदलला आणि नवा पंपही पहिल्या दिवसापासून घूं करायला लागला. शेवटी निघालं काय, तर डबीच्या तळाची जाळी काळ्या गाळाने बुजलेली. पंपाला तेलच पोचत नव्हतं. सगळ्या डब्यांत जाळी नसते, पण आहे का ते बघायला काय जातं? थंड तेल घट्ट असतं, म्हणून सकाळी जास्त आवाज. सचिवांचं वर्णन मला त्याच वळणाचं वाटतं.

प्रेषक: युवा प्रतिनिधी

स्कॅनरबद्दल कोणीच काही बोललं नाही 🙂

प्रेषक: काका

कारण या गाडीचं स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालतं, विजेच्या मोटरवर नाही. विजेच्या स्टिअरिंगमध्ये टॉर्क सेन्सर, मोटर, कंट्रोलर असतो, तिथे कोड मिळतो, आणि त्याही आधी बॅटरी नि फ्यूज बघायचे. इथे कोड कुठून येणार? कान आणि डोळे.

प्रेषक: माजी अध्यक्ष

विजेची स्टिअरिंग ही अलीकडची थेरं. जुन्या हायड्रॉलिकला रस्ता हाताला कळायचा.

प्रेषक: युवा प्रतिनिधी

अलीकडची कशी? सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्होला दिली होती. हायड्रॉलिक क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये १९५१ ला आली. दोन्ही माझ्या जन्माआधीच्या.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

विषयाला धरून लिहा. इतिहासासाठी नवा धागा काढा. आणि आधीची आख्खी मेल खाली चिकटवू नका, कितीदा सांगायचं.

प्रेषक: नाट्य समितीचे नेपथ्यवाले

तेलाच्या मागे सगळे लागलेत, टायरची हवा कोणी बघितली का? पुढच्या टायरांत हवा कमी असली तरी जागेवरच जड लागतं.
दुसरं, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला, खाली पक्के स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. सारखं फिरलं तर ठीक. मध्येच अडकलं तर दोष तेलात नाही, कॉलमचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट गंजलाय किंवा स्ट्रटच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या खांबाच्या) वरचं बेअरिंग धरतंय. रस्त्यावर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर तीही त्याचीच खूण.

प्रेषक: सचिव

आत्ताच पाहून आलो. टायर ठीक. एका टोकाला धरली तर पट्टा गप्प. चाकं उचलून फिरवली, सगळीकडे सारखी फिरतात. तेल मात्र गढूळ आणि वर बारीक फेस. बंद केल्यावर पातळी बोटभर चढली. ओढीच्या नळीची पंपाकडची क्लिप हाताने फिरते. तळाला जाळी आहे, पण फेसामुळे नीट दिसत नाही.

प्रेषक: काका

मग पंपाला हात लावू नका. ओ-रिंग आणि क्लिप नवी घाला, नळी कडक असेल तर तीही. डबी काढून जाळी धुवा, तेल पूर्ण बदला. मग हवा काढायची: चाकं वर, इंजिन बंद, सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, पातळी उतरली की भरायची. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. घाई केली तर पंप फेस घुसळत बसेल. एवढं करूनही जागेवर जड राहिली, तर गेज लावून पंपाचा दाब मोजून घ्या आणि मग बोला पंपाबद्दल.

प्रेषक: खजिनदार

ओ-रिंग, क्लिप, नळी, तेल मंजूर. पंप मंजूर नाही. मूळ पावती द्या, फोटो नको.

प्रेषक: वाहतूक समिती

काम समितीच्या देखरेखीखाली होईल. पट्टाही त्याच वेळी बघून घेऊ, झिजलेला निघाला तर बदलू.

प्रेषक: खजिनदार

पट्ट्याचं वेगळं विचारा.

प्रेषक: सचिव

शुक्रवारी संध्याकाळी करतोय. स्टँड माझ्याकडे एकच आहे, दुसरा कोण आणेल? आणि चाकं वर असताना आत बसून फिरवायला एक माणूस लागेल. माजी अध्यक्ष, तेल मी आणतोय, तुम्ही आणू नका.