विरंजन की रंगनाश?

कापडगिरण्यांच्या सांडपाण्यातला रंग विकरांनी (एन्झाइमांनी) कसा काढतात, यावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. 'डीकलरायझेशन'ला विरंजन म्हटलं तर चालेल का? आणि रंजक नि रंगद्रव्य यांत फरक करायचा का?

— करायलाच हवा. डाय तो रंजक. बहुधा पाण्यात विरघळतो आणि धाग्याला धरतो. पिगमेंट ते रंगद्रव्य. ते विरघळत नाही. सांडपाण्यातली खरी डोकेदुखी रंजकांची, कारण विरघळलेला रंग गाळून निघत नाही.

विरंजन मात्र नको. ब्लीचिंग पावडर म्हणजे विरंजक चूर्ण, त्यामुळे वाचकाला क्लोरीन आणि पांढरं होत जाणारं कापडच आठवणार. लॅकेज हे विकर वापरून डेनिमवरची नीळ फिकी करतात, तिथे विरंजन शोभतं. पाण्याच्या बाबतीत रंगनाश म्हणा.

— पण रंगनाश म्हटलं की पाणी शुद्ध झालं असं वाटतं, त्याचं काय? इंडिगो कार्माइन या निळ्या रंजकाच्या द्रावणात लॅकेज घालून बघा. गडद निळं पाणी हिरवट होत होत पिवळसर होतं. निळाई गेली, पण रेणू मोडून तयार झालेलं आयसॅटिनचं सल्फोनेट पाण्यातच असतं. ॲझो रंजकांचं तर विचारूच नका. ॲझोरिडक्टेज हे विकर त्यांच्या रेणूतल्या दोन नायट्रोजनांमधला दुहेरी बंध तोडतं, रंग जातो आणि मागे ॲरोमॅटिक अमाइनं उरतात. त्यांतली काही कर्करोगकारक. तेव्हा रंग गेला एवढंच सांगायचं असेल तर रंगनाश, रेणूचे तुकडे झाले हे सांगायचं तर विघटन, आणि थेट कार्बन डायऑक्साइड नि पाण्यापर्यंत गाडी गेली तर खनिजीकरण. तिन्हींना एकच शब्द ठोकणारा मजकूर मी तरी पुढे वाचत नाही.

— थोडं विषयांतर. 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांना हे विकर लॅकरच्या (चकचकीत रोगणाच्या) झाडाच्या चिकात आढळलं, म्हणून पुढे त्याचं नाव लॅकेज पडलं. लॅकर या शब्दाच्या मुळाशी आपली लाख, म्हणजे संस्कृत लाक्षा. (त्या चिकाचा लाखेच्या किड्याशी काही संबंध नाही, नाव तेवढं उसनं गेलं.) पारंपरिक आळत्याचा लाल रंग याच लाखेचा. रंग घालवणाऱ्या विकराच्या नावात रंगच दडलाय!

— वा! मग साधं 'रंग विटणं' का नको?

— विटतो तो आपसूक, उन्हानं नाहीतर जुनेपणानं. मुद्दाम विकर घालून काढलेला रंग 'विटवला' असं कोण म्हणतं?