विषय : शनिवारचं शुबर्टचं क्विंटेट

सप्रेम नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी जुन्या चर्चमध्ये चेंबर म्युझिकचा कार्यक्रम आहे. ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टचं दोन चेलोंचं क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, वाजवणार आहेत. लेक चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य) शिकते, तिच्या शिक्षिकेने आवर्जून बोलावलंय. सोबत मी आणि सासूबाई. त्यांनी जन्मभर गाणं ऐकलं, पण हे संगीत आम्हा दोघींनाही नवं. टाळ्या कधी वाजवायच्या, बसायचं कुठे आणि मुख्य म्हणजे ऐकायचं काय, हे कुणी सांगेल का? भलत्या ठिकाणी टाळी वाजली तर लेक ओशाळेल, याची धास्ती वाटते.

— लेकीची आई

---

प्रति : शनिवारचं शुबर्टचं क्विंटेट

ताई,

शाल न्या, विशेषतः आजींसाठी. बाहेर कितीही ऊन असलं तरी जाड दगडी भिंतींच्या आत गारवा असतो, आणि तासभर हलायचं नसतं. बाकं लाकडी, ताठ पाठीची असतात, तेव्हा बसायला एखादी उशीही असू द्या.

— समितीतर्फे

---

प्रति : शनिवारचं शुबर्टचं क्विंटेट

ताई,

धास्ती सोडा. आधी टाळ्यांचं सांगतो. या रचनेचे चार भाग आहेत. एक भाग संपला की वादक घटकाभर थांबतात, खुंट्या पिळून तारा पुन्हा सुरात लावतात. उन्हाळ्यात हवेतला दमटपणा बदलला की तारांचा सूर हलतो, त्यामुळे हे होणारच. तिथे हल्ली टाळी वाजवत नाहीत, चौथा भाग संपल्यावर वाजवतात. पण हा दंडक त्या संगीताबरोबर जन्मलेला नाही. संगीतकार मोत्झार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात त्याच्या सिम्फनीतल्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतल्या) एका जागेला वादन चालू असतानाच टाळ्या पडल्याचं मोठ्या आनंदाने कळवलंय. ती जागा लोकांना भिडणार, हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं! तेव्हा आजींच्या तोंडून एखादी ‘वा’ निसटलीच, तर ओशाळू नका.

पुढे बसा, शक्य तितकं पुढे. चेंबर म्हणजे खोली. दिवाणखान्यातल्या मैफलीसारखंच हे संगीत, समोर उभं राहून हातांनी वादन चालवणारा कंडक्टर नाही आणि एकेक ओळ एकेकाच माणसाच्या हातात. पहिला व्हायोलिनवाला सुरुवातीला श्वास घेतो, त्या श्वासावर बाकीचे चार गज उचलले जातात. मागच्या बाकावरून हे दिसणार नाही.

ऐकण्याच्या दृष्टीनेही पुढचीच जागा बरी. दगडी वास्तूत नाद रेंगाळतो. मोठ्या चर्चमध्ये तर काही सेकंद घुमत राहतो आणि द्रुत जागा एकमेकींत मिसळून जातात. पुढे बसलं की वाद्याचा थेट आवाज आधी कानावर पडतो, मग वास्तूचा. समितीने उशी सुचवली, त्यावरून आठवलं. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री बाकांवरच्या गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते मोजलं. माणसंही आवाज तशीच शोषून घेतात. दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तालीम केलेल्या वादकांना संध्याकाळी वेगळीच वास्तू मिळते. पहिल्या दोन-चार मिनिटांत ते तिचा अंदाज घेतात. ते ऐकण्यासारखं असतं.

आता रचनेबद्दल. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा, खालच्या सुराचा) आणि एक चेलो ही नेहमीची चार वाद्यं. मोत्झार्टने क्विंटेटमध्ये पाचवं वाद्य म्हणून दुसरा व्हायोला घेतला, शुबर्टने दुसरा चेलो घेतला. त्यामुळे एक चेलो तळ सांभाळतो आणि दुसरा मोकळा होऊन गातो. पहिल्या भागात दोन्ही चेलो मिळून एक सुरावट गातात, ती लेकीला लगेच सापडेल. दुसरा भाग, अडाजियो म्हणजे संथ लयीचा, तेरा-चौदा मिनिटांचा. त्यात मधली तीन वाद्यं इतकी संथ सुरावट धरतात की लय जाणवेनाशी होते. पहिलं व्हायोलिन वरून अधूनमधून बोलतं, खाली दुसरा चेलो बोटांनी तार छेडतो. आजींना सांगा, विलंबित ऐकायला बसतो तसं बसायचं, पुढे काय येणार याची घाई करायची नाही.

शुबर्टने हे १८२८च्या शरदात पूर्ण केलं आणि १९ नोव्हेंबरला तो गेला. वय एकतीस. हे क्विंटेट जाहीरपणे पहिल्यांदा वाजलं १८५० साली. बावीस वर्षं ते कागदावरच होतं. मला हे फार लागतं.

शेवटचा स्वर नीट ऐकायला सांगा आजींना. त्यात काय आहे ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी काय ऐकलं ते कळवा.

— तुमचा काका

---

प्रति : शनिवारचं शुबर्टचं क्विंटेट

काका,

आम्ही दुसऱ्या बाकावर बसलो, दुसऱ्या चेलोच्या अगदी समोर. मागच्या पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. ते आधी वादकांच्या चेहऱ्यावर होतं, अडाजियो सुरू झाला तेव्हा गजांवर आलं. तार छेडली की त्या बाईंचं बोट क्षणभर हवेतच राहायचं, आवाज खिडक्यांपर्यंत जाऊन विरेपर्यंत. लेक सारखी त्या बोटाकडेच बघत होती. मधला वादळी भाग सुरू झाला तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला, तो भाग संपेपर्यंत सोडला नाही. पहिल्या भागानंतर कुठूनतरी दोन टाळ्या आल्या, वादकांपैकी एकजण हसून मान लववून पुढे वाजवू लागला. कुणीही वळून पाहिलं नाही.

आणि शेवट. सगळे एकदम एका स्वरावर येऊन थांबले. टाळ्या सुरू व्हायच्या आधी जो क्षण होता, त्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, “कोमल रिषभ लावून षड्जावर आले गं.” मला काहीच कळलं नव्हतं. घरी आल्यावर लेकीने शेवटचं पान काढून बघितलं. सीच्या, म्हणजे इथल्या षड्जाच्या, आधी इवलासा डी फ्लॅट, म्हणजे कोमल रिषभच, लिहिलाय, पाचही वाद्यांना. तिने ते पान आजीला दाखवलं. आजीला ती लिपी वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या स्वरावर बोट ठेवलं आणि तो गाऊन दाखवला.

पुढच्या महिन्यात तिथेच संगीतकार हायडनचे क्वार्टेट, चार वाद्यांच्या रचना, आहेत. सासूबाईंनी आत्ताच विचारलंय, पहिलं बाक मिळेल का.

— लेकीची आई