रात्री गाडीचोर हाती लागला तेव्हा : आपापले अनुभव लिहावेत

गॅलरीतूनच

गेल्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमारास समोरच्या इमारतीखाली कुणाची तरी जुनी गाडी सुरू होत नव्हती. सेल्फचा तो दमत दमत जाणारा आवाज कानावर पडला आणि मी चष्माही न लावता गॅलरीत जाऊन "कोण आहे रे?" असे ओरडले. खाली विमानतळाकडे निघालेले एक सज्जन कुटुंब सामानासह उभे होते. त्यांची क्षमा मागून मी आत आले खरी, पण त्यानंतर झोप लागली नाही, कारण त्या आवाजाने मला थेट डिसेंबर १९९४ मध्ये नेऊन सोडले होते.

आम्ही तेव्हा पुण्यात डहाणूकर कॉलनीत राहत होतो. रात्री दहानंतर तिथे गुरख्याची काठी आणि कुत्री यांखेरीज आवाज नसे. बाबांची पांढरी प्रीमियर पद्मिनी कंपाउंडच्या भिंतीला डावी बाजू अगदी चिकटवून उभी केलेली असे. तिची ख्याती अशी, की थंडीत चोक, म्हणजे इंजिनात पेट्रोल जरा जास्त सोडणारी कळ, पूर्ण ओढून, दहापर्यंत आकडे मोजून, मग अर्धा आत ढकलल्याशिवाय ती सुरू होत नसे. शिवाय चालकाच्या दाराची आतली कडी तुटलेली होती आणि ते दार फक्त बाहेरूनच उघडत असे. त्यामुळे बाबा काच खाली करून हात बाहेर काढून दार उघडत. काच खाली-वर करण्याचे हँडलही निखळत असल्याने रात्री ते काढून घरात खुंटीला अडकवून ठेवलेले असे. आई या साऱ्याला 'तुमच्या गाडीचे सोवळे' म्हणत असे.

त्या रात्री सेल्फचा आवाज आला तेव्हा बाबा अंथरुणात उठून बसले आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "चोक ओढलेला नाही." चोर आला आहे, हे त्यांना त्यानंतर सुचले. आम्ही खाली पोहोचलो तोवर शेजारचे देशमुखकाका मफलर गुंडाळून मागच्या दाराला पाठ लावून उभे होते. आत विशी-बाविशीचा एक मुलगा बसला होता. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची झिजलेली किल्ली फिरवून त्याने दार उघडले, आवाज नको म्हणून हलकेच ओढून घेतले आणि तिथेच तो अडकला. डावीकडे भिंत, मागे देशमुखकाका, उजवीकडे कडी नसलेले दार. बॅटरीच्या उजेडात तो ज्या जागी कडी असायला हवी तिथे बोटांनी चाचपत होता, ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाबांनी काचेवर टकटक करून त्याला विचारले, "एकटाच आहेस का?" त्याने मान हलवली.

समोरच्या घरातून शंभर नंबरला फोन झाला. पाऊण तासाने एक हवालदार आणि एक शिपाई एकाच स्कूटरवरून आले. आता चोराला न्यायचे कशात, हा प्रश्न निघाला, आणि गाडीही मुद्देमाल असल्यामुळे तिलाही चौकीवर न्यावे लागणारच होते. तोवर गाडीची बॅटरी पार उतरली होती. म्हणून बाबा स्टीअरिंगवर बसले आणि देशमुखकाका, शिपाई, माझा भाऊ आणि तो चोर अशा चौघांनी मिळून पद्मिनीला धक्का मारला. ती सुरू झाल्यावर चोराच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद दिसला, तो कुणालाही झाकता आला नाही.

आपल्यापैकी कुणाच्या गल्लीत रात्री असा प्रसंग घडला असल्यास जरूर लिहावे. पकडला गेला नसला तरी चालेल.

झिजलेली किल्ली

"चोक ओढलेला नाही" हे वाक्य वाचून माझे वडील आठवले. आमच्या पद्मिनीची पुढची तिकोनी काच बाहेरून नुसती दाबली तरी उघडत असे, आणि घरच्यांचाच नेहमीचा मार्ग तो होता. त्या काळी गाडी वाचत असे ती कुलपामुळे नव्हे, तिच्या खोडींमुळे. बाकी, देशमुखकाकांना माझा नमस्कार सांगावा.

गॅलरीतूनच

काका आता नाहीत. पण त्यांचा तो मफलर त्यांच्या मुलाकडे अजून आहे.

वऱ्हाडी_वाटसरू

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो आहे, कारण आमच्या प्रसंगात पकडला गेलेला इसम मीच होतो.

१९९८ साली नागपुरात प्रतापनगर भागात मावसभावाच्या हळदीला गेलो होतो. रात्री एक वाजता निघालो तेव्हा वीज गेलेली होती. रस्त्याच्या कडेला माझी पांढरी मारुती ८०० उभी होती. किल्ली लावली, दार उघडले, बसलो. आसन नेहमीपेक्षा पुढे वाटले म्हणून मागे सरकवले. मग लक्षात आले, की माझ्या गाडीत समोर गजानन महाराजांची तसबीर असते आणि इथे त्या जागी प्लॅस्टिकचे लिंबू-मिरची लोंबते आहे. हा विचार पुरा होण्याआधीच माझी मानगूट एका धिप्पाड गृहस्थांच्या हातात होती आणि "कोन आहे बे तू?" हा प्रश्न तीन घरांच्या गच्चीवरून एकदम आला.

हळदीने माखलेला झब्बा घालून कुणी चोरी करायला येईल काय, असे मी परोपरीने विचारले. त्यावर एका आजोबांचे म्हणणे असे पडले, की हल्ली चोर असेच येतात. शेवटी माझी गाडी चार घरे पुढे उभी असल्याचे मी दाखवले. त्या गृहस्थांनी आपली किल्ली माझ्या गाडीला लावून पाहिली आणि तीही निमूटपणे उघडली. त्यानंतर मात्र त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा अधिक उतरला, कारण आपली गाडी गल्लीतल्या कुणालाही उघडता येते हे त्यांना त्या क्षणी प्रथमच कळले होते. पहाटे दोन वाजता त्यांच्या घरी चहा झाला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा आणला आणि मीही आणला.

झिजलेली किल्ली

त्या गाडीच्या किल्ल्या वापरून इतक्या गुळगुळीत होत, की जुनी किल्ली ही जवळजवळ सर्वांची किल्ली होऊन बसे. आमच्या कॉलनीत तर एकाची किल्ली हरवली, की तो शेजाऱ्याकडे मागायला जात असे.

काळा_डगला

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. धागाकर्तीच्या वडिलांनी नकळत जे केले ते कायद्याला धरूनच होते. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडत असेल, तर सामान्य माणसालाही गुन्हेगाराला धरून ठेवता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४० मध्ये आले आहे, आणि आता धरलेल्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा मात्र मुळीच नाही. माझ्याकडे अशी दोन प्रकरणे आली, ज्यांत गाडीचा मालकच आरोपी होऊन बसला, कारण चोराला झाडाला बांधून रात्रभर जो तो हात साफ करून घेत होता आणि सकाळी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंभीर दुखापतीचे कलम लागले तर मालक चोराच्या पुढे जातो.

दुसरे म्हणजे, मुद्देमाल म्हणून गेलेली गाडी परत मिळवायला तेव्हा किती दिवस लागले, हे जाणून घ्यायला आवडेल. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात बजावले, की वाहने ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून आणि योग्य ते बंधपत्र घेऊन ती लवकर मालकाला द्यावीत. आपली घटना त्याच्या आधीची आहे.

गॅलरीतूनच

एकोणीस दिवस लागले. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर, सही करून आणली, तेव्हा मागच्या आसनावर मांजर व्यालेले होते.

गंगापूररोडची_थंडी

आमचा चोर गाडी न्यायला आला नव्हता, गाडीच्या पोटातला ऐवज न्यायला आला होता. माझी ईको व्हॅन आहे आणि मी शाळेची मुले ने-आण करतो. २०२१ च्या हिवाळ्यात नाशिकला इकडे ईकोचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले, तेव्हा आम्हाला आधी हसू आले. मग गॅरेजवाल्याने समजावले, की सायलेन्सरच्या मार्गात धूर शुद्ध करणारा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ लेप असतो. चोराला हवी असते ती ही 'माती'. ईको जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असल्यामुळे जॅक न लावताही माणूस खाली सरकू शकतो. पाना हाताला सरावलेला असेल तर काही मिनिटांत काम आटोपते.

पहाटे साडेतीनला पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. खाली उतरलो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी ओरडलो असतो तर तो दुसऱ्या बाजूने सटकला असता, म्हणून मी काही न बोलता खाली बसलो आणि ते दोन्ही पाय घट्ट धरले. परक्या माणसाचे पाय इतक्या निष्ठेने मी आयुष्यात धरलेले नाहीत. तो आतून लाथा झाडत होता, मी सोडत नव्हतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मदत म्हणून वरून बादलीभर पाणी ओतले, ते सगळे माझ्या पाठीवर. नाशिकची जानेवारीतली पहाट होती, हे लक्षात घ्यावे. त्याचा साथीदार नाक्यावरून मोटारसायकलने निघून गेला. एकशे बाराला फोन केल्यावर पोलीस वीस मिनिटांत आले. सायलेन्सरचा एकच नट उरला होता. नवा घ्यावा लागला असता तर माझी दोन महिन्यांची कमाई गेली असती.

सुमन_सांगली

आजींना दंडवत. सर्दी किती दिवस होती?

गंगापूररोडची_थंडी

आठ दिवस. काढा आजींनीच दिला.

ओन्टारियोतली_ओवी

आमच्याकडे, म्हणजे टोरोंटोशेजारी मिसिसागाला, ना सेल्फचा आवाज आला, ना पाना पडल्याचा. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती. कॅमेऱ्यात नंतर पाहिले, तर एक जण हातात चौकोनी फलकासारखी वस्तू घेऊन आमच्या दाराशी उभा राहतो आणि दुसरा गाडीपाशी. दाराशी उभा असलेला घरातल्या किल्लीचा संदेश उचलून गाडीपर्यंत पोहोचवतो, गाडीला वाटते मालकच जवळ आला आहे, आणि ती सुरू होते. साऱ्याला दीड मिनिटही लागले नाही. आम्ही वर पांघरुणात होतो.

मुलाने गाडीत लपवलेले माग काढणारे यंत्र रेल्वेच्या मालधक्क्याजवळ जाऊन गप्प झाले. मीही तुमच्यासारखीच तडफेने निघणार होते, पण पोलिसांनी स्पष्ट बजावले, की तुम्ही जाऊ नका, यांच्याकडे शस्त्रे असतात. पाच आठवड्यांनी मॉन्ट्रियलच्या बंदरातल्या एका कंटेनरमध्ये गाडी सापडली, समुद्रापार जाण्याच्या बेतात. इथे हा प्रकार इतका वाढला होता, की फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने ओटावाला खास गाडीचोरीवरच राष्ट्रीय बैठक बोलावली होती. आता आमच्या किल्ल्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात असतात. सासूबाई त्याच डब्यात पूर्वी शंकरपाळे ठेवत. डब्याचे झाकण नीट लागते की नाही हे पाहायला मी किल्ली आत टाकून गाडीजवळ जाते आणि दार ओढून बघते. खरे सांगायचे तर चोर समोर दिसला असता तर मला थोडे बरे वाटले असते. इथे ओरडायलाही कुणी सापडले नाही.

सुमन_सांगली

आमची सापडलीच नाही, चोरही नाही आणि गाडीही नाही. पोलिसांनी गुन्हा खरा परंतु तपास लागत नाही, असा 'ए समरी' अहवाल न्यायालयात दिला आणि तो मंजूर झाल्यावरच विम्याची फाइल हलली. विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या. एक किल्ली यांनी दोन वर्षांपूर्वी कोयनेच्या पाण्यात पाडली होती. तेव्हा आम्ही हसलो होतो. दुसरी किल्ली नाही म्हणजे तुम्हीच गाडीत विसरला असाल, असा त्यांचा सूर होता आणि पैसे मिळायला चौदा महिने गेले. ज्यांची जादा किल्ली कपाटात आहे, त्यांनी आज कपाट उघडून ती पाहावी, एवढेच सांगते.

वऱ्हाडी_वाटसरू

आत्ताच पाहिली. कपाटात जी आहे ती स्कूटरची निघाली.

काळा_डगला

पद्मिनीच्या खटल्याचे पुढे काय झाले? आपण चोराला तिथे धक्का मारायला लावून सोडून दिले आहे.

गॅलरीतूनच

समन्स यायला चार वर्षे लागली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शिवाजीनगरच्या न्यायालयात गेले आणि त्यांनी त्याला ओळखले. आरोपीच्या वकिलांचा मुद्दा असा होता, की हा मुलगा थंडीमुळे आडोशाला गाडीत बसला होता, चोरी करायची असती तर तो पळाला नसता का? बाबांनी उत्तर दिले, "साहेब, तो पळाला नाही, कारण दार उघडत नव्हते." कडी नसलेल्या दाराचे वर्णन लिहून घेताना लेखनिकाने दोनदा थांबून विचारले, असे बाबा सांगत. त्याला सहा महिने झाले, ते त्याने आधीच भोगलेले होते. बाहेर पायऱ्यांवर तो बाबांजवळ आला. बाबा थोडे बिचकले. त्याने विचारले, की त्या रात्री ती सुरू का होत नव्हती. बाबांनी त्याला चोकचे सगळे समजावून सांगितले, दहा आकड्यांसकट. आई यावरून पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

झिजलेली किल्ली

आणि ती कडी?

गॅलरीतूनच

ती कधीच दुरुस्त झाली नाही. २००१ मध्ये गाडी विकली तेव्हा खुंटीवरचे हँडल काढून बाबांनी घेणाऱ्याच्या हातात दिले, आणि रात्री डावी बाजू भिंतीला लावून उभी करा, असे सांगितले.