उत्तर: जन्मठेप म्हणजे १४ वर्षं?
'जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, मग सुटकाच' असं वर एकांनी लिहिलंय. तसं नाही. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून टाकलंय. १४ वर्षांचा आकडा आला १९७८ मध्ये, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून, आणि तोही उलट अर्थाने: खुनासारख्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला १४ वर्षांआधी सरकार सोडू शकत नाही. चौदा वर्षांनंतर अर्ज विचारात घेता येतो, इतकंच. (सिनेमांनी आपला बराच घोळ केलाय.)

हे झालं शिक्षेतल्या सवलतीचं. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार राज्यघटनेतला, कलम ७२ आणि १६१. त्याला ही अट लागू नाही, पण निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच.

सवलत कुठलं सरकार देणार, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. गुजरातने २०२२ मध्ये बिल्किस बानो प्रकरणातल्या ११ दोषींना सोडलं होतं. खटला मुंबईत चालला, शिक्षाही इथेच झाली, म्हणजे अधिकार महाराष्ट्राचा, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला.

पॅरोल मात्र यात मिसळू नका. ती तात्पुरती रजा. शिक्षा तशीच उभी राहते.